गळकी बॉक्स्टर, गुलमोहर आणि सिलिकॉनची नळी

पत्र:

काका, नमस्कार. मी अकोट्याला राहतो, वय चौतीस. कॉलेजपासूनची हौस होती, ती मागच्या हिवाळ्यात भागवली आणि २००४ ची पोर्श बॉक्स्टर घेतली. जुन्या ९८६ मॉडेलची, कापडी छताची, जीजे-०६ पासिंग. हिवाळा-उन्हाळा मजेत गेला. आषाढात पहिला दणका बसला आणि दोन्ही सीटच्या मागचं कार्पेट ओलं झालं. बाबांना हौसेने सेवउसळ खायला घेऊन गेलो, तर त्यांचे मोजे भिजले. मेकॅनिकला दाखवली. दाराच्या बुडातून पाणी ठिबकत होतं, तिथे आणि काचेच्या कडेने त्याने सिलिकॉन भरलं. आठवडाभर बरं वाटलं, आता पहिल्यापेक्षा जास्त पाणी येतंय. सकाळी काचा आतून धूसर, गाडीत कुबट वास. परवापासून सेंट्रल लॉकही मनाला येईल तेव्हा उघडतंय-बंद होतंय. गाडी सोसायटीत उघड्यावर, गुलमोहराखाली उभी असते. बाबा म्हणतात, जर्मन गाडीला इथला पाऊस झेपत नाही, विकून टाक. शिवाय २०२४ च्या पुरात बुडालेली गाडी माझ्या गळ्यात मारली असा त्यांना दाट संशय आहे. छत नवीन घालू का? की खरंच विकू?
— स. ग., अकोटा, बडोदे

अरे स. ग.,

पत्रात काका म्हटलंयस, तेव्हा मीही अरे-तुरेवरच येतो.

नवीन छताचा विचार सध्या सोडून दे. विकायचं की नाही, तेही नवरात्रानंतर बघू. तुझ्या पत्रातली खरी घाईची ओळ तू येता-जाता लिहून पुढे गेलायस: लॉक मनाला येईल तेव्हा उघडतंय. या गाडीत लॉक, अलार्म आणि इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पेटी सीटखाली, पार जमिनीलगत बसवलेली असते. कार्पेटखाली पाणी साचलं की आधी ती भिजते. सुरुवातीला लॉक चाळे करतं, मग रात्री-अपरात्री अलार्म वाजून सोसायटी जागी होते, आणि एक दिवस गाडी किल्लीच ओळखत नाही. तेव्हा नवी पेटी आणून लावली की काम झालं, असंही नसतं. किल्ल्यांचे कोड तिच्याशी जुळवावे लागतात आणि ते कोपऱ्यावरच्या वायरमनला जमणारं काम नाही. म्हणून गळती नंतर, आधी पेटी.

चार-पाच दिवसांसाठी कुणाचं तरी छपराखालचं पार्किंग उसनं घे. तिथे गाडी लावून काचा पूर्ण खाली कर आणि छत अर्ध्यावर उघडून थांबव. का ते पुढे येईल. हँडब्रेक ओढलेला नसेल तर छत हलणार नाही, उगाच मोटरला दोष देऊ नकोस. मग पुढची डिकी उघड. बॅटरी तिथेच, पुढच्या काचेच्या बुडाशी आहे. इग्निशन बंद, किल्ली बाहेर, आणि निगेटिव्ह तार काढ.

आता हे दोनदा वाच. तार काढलेली असताना डिकीचं झाकण लावायचं नाही. २००१ पासूनच्या ९८६ मध्ये पुढचं झाकण विजेवर उघडतं. बॅटरी आत, वीज नाही आणि झाकण बंद, अशा अवस्थेत हताश होऊन फोन करणारे मला दर पावसाळ्यात भेटतात. फ्यूजच्या पेटीत यासाठीच एक लाल टोक बाहेर ओढता येतं, त्याला दुसऱ्या बॅटरीची वीज देऊन झाकण उघडता येतं. पण ती कसरत हवीय कशाला? झाकणाच्या कडीत एक फडकं अडकवून ठेव.

तार काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांब. सीटखाली पिवळे प्लग दिसले तर ते एअरबॅगच्या यंत्रणेचे असतात, वीज चालू असताना त्यांना हात लावायचा नाही. मग दोन्ही सीट उचलून बाहेर काढ. कार्पेटवरून हात फिरवलास तर ते नुसतं दमट लागेल. खरं पाणी खालच्या जाड फोममध्ये असतं. कडेने पंजा घालून पीळ, बादलीत धार पडेल. पेटी सापडली की प्लग काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढ. पितळी टोकांवर हिरवट-पांढरा थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना मऊ टूथब्रश, हलक्या हाताने. हेअर ड्रायर नको, तांदळाच्या डब्यात ठेवणं तर नकोच. उघडून एसीच्या खोलीत दोन दिवस राहू दे. परत बसवताना तारा पुरतील तेवढी एखाद इंच वर उचलून बसव.

आता गळतीकडे.

तुझ्या मेकॅनिकने जे केलं तेच बहुतेक जण करतात: पाणी दिसलं तिथे सिलिकॉन. पण गाडी बांधणाऱ्याने पाणी आत येणार हे धरूनच ती बांधलेली असते. काच जिथून खाली-वर होते त्या फटीतून पावसाचं पाणी दाराच्या पोटात जातं. छताच्या मागच्या कडेवरून ते पन्हळीत उतरतं. वायपरखालच्या जाळीतून बॅटरीच्या आजूबाजूला जातं. तिन्ही ठिकाणी त्याला बाहेर पडायची वाट दिलेली आहे. दाराच्या बुडातल्या ज्या फटींतून पाणी ठिबकत होतं, त्या फटी त्याचसाठी होत्या. तुझ्या मेकॅनिकने घराच्या मोरीला बोळा कोंबावा तसं केलंय. आता दार भरतं आणि जादा झालेलं पाणी आतल्या बाजूने तुझ्या कार्पेटवर येतं. तुझ्या पत्रातलं ‘पहिल्यापेक्षा जास्त’ हे त्यामुळेच.

ते सिलिकॉन आधी काढ. ब्लेड लावू नकोस, जुनं एटीएम कार्ड आणि नख पुरतं. भरताना व्हिनेगरसारखा वास आला होता का, ते मेकॅनिकला विचार. त्या जातीचं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, उघड्या पत्र्याला गंज आणतं. शिवाय त्याचा पातळ थर जरी राहिला तरी पुढे त्यावर ना रंग धरत, ना टेप.

पाणी पावसाचंच आहे ना, ही शंका दोन मिनिटांत मिटवून टाकू. एसीचं पाणी तुंबलं असतं तर कोरड्या दिवशीही गाडी आतून भिजली असती. तू उन्हाळाभर एसी लावून फिरलास आणि कार्पेट कोरडं होतं. तरी एकदा बघून घे, दमट हवेत पंधरा मिनिटं एसी चालला की गाडीखाली थारोळं झालंच पाहिजे. कूलंट गळत असतं तर पाणी बोटांना चिकट लागलं असतं, गोडसर वास आला असता आणि काचेवर तेलकट धूर बसला असता. चाखून मात्र बघू नकोस, ते विष आहे. तू लिहितोस वास कुबट आहे. म्हणजे पावसाचं.

माझा पहिला संशय छताच्या पन्हळीवर. हिशेब करून बघ. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छत आणि मागची काच मिळून दीड चौरस मीटर धर. आषाढातल्या एका संध्याकाळी ५० मिलिमीटर पडला, आणि तो पडतो, तर ७५ लिटर झाले. त्यातलं मागे उतरणारं सगळं पाणी दोन बाजूंच्या बारीक वाटांनी सीटच्या मागून खाली जाऊन मागच्या चाकांच्या पुढ्यात जमिनीवर पडायला हवं. एक बाजू तुंबली की पन्हळ काठोकाठ भरते आणि उरलेलं पाणी थेट सीटमागच्या कार्पेटवर येतं. तुझी ओली जागा नेमकी तीच आहे.

आणि तुंबायला तुझ्याकडे गुलमोहर आहे. वडाखाली गाडी लावली असतीस तर मी कमी काळजी केली असती. वडाचं पान जाडजूड, ते वरच अडकतं, दिसतं, हाताने उचलता येतं. गुलमोहराच्या एका पानात शेकडो बारीक पानं असतात, नखाहून लहान. वाळली की ती गळतात आणि सरळ छिद्रात उतरतात. त्यात वैशाखातल्या पाकळ्या, वर्षभराची धूळ, आणि पहिल्या पावसात सगळ्याचा काळा लगदा. एका गाडीच्या नळीतून मी उत्तरायणाच्या मांजाचा गुंता ओढून काढलाय. तुटलेला गुलाबी दोरा, त्यात मुठीएवढा चिखल, आणि चिखलात कडुनिंबाचं एक रोप, दोन पानं फुटलेलं.

छत अर्ध्यावर ठेवायला सांगितलं ते यासाठी. मागचं पत्र्याचं झाकण उभं असताना त्याच्या दोन्ही टोकांशी खोल कोपऱ्यात टॉर्च मार. जे हाती लागेल ते हाताने काढ, मग लांब चिमट्याने. वीज बंद आहे ते बरंच आहे, त्या लोखंडी दांड्यांमध्ये बोटं असताना कुणाचा तरी धक्का बटणाला लागलेला परवडत नाही. मग एक लिटरची बाटली घेऊन हळूहळू ओत आणि दुसऱ्या कुणाला मागच्या चाकापाशी उकिडवं बसव. वर ओतलं की खाली लगेच धार पडली पाहिजे. थेंब थेंब पडलं तर वाट अर्धी बंद आहे. काहीच पडलं नाही तर ओतणं थांबव, कारण ते पाणी कुठेतरी जातंय, आणि ‘कुठेतरी’ म्हणजे आतच.

नळी मोकळी करायला गवत कापायच्या मशीनमधली नायलॉनची दोरी उत्तम. टोक काडीपेटीने वितळवून गोल कर, म्हणजे रबराला भोक पडणार नाही. फिरवत फिरवत घाल, वरूनही आणि खालूनही, मधेमधे पाणी सोड. सायकलची तार, छत्रीची काडी असले प्रयोग नकोत. कम्प्रेसरची हवा तर मुळीच नको. गॅरेजवाले दोन सेकंदांत फुस्स करून दाखवतात, बोळा खरंच उडतो आणि त्याच्याबरोबर आतला नळीचा सांधाही निखळतो. मग पन्हळ झकास रिकामी होते, सगळं पाणी गाडीच्या पोटात, आणि बाहेरून कळायला काही मार्ग नाही.

दोन्ही बाजू वाहत्या झाल्यावरही मागचं कार्पेट भिजलं तर छताच्या मागच्या कडेखाली पाणी झेलणारा जो रबरी पन्हळीचा पट्टा असतो तो फाटलाय का बघ. घडीवर चीर जाते. तो बदलता येतो, त्यासाठी पूर्ण छत बदलायचं कारण नाही. छताचं कापड स्वतः फाटलं नसेल तर ते क्वचितच गळतं. फार तर जुनं झाल्यावर पाणी शोषतं, त्याला पाणीरोधक द्रावण मारलं की पुष्कळ वर्षं निघतात.

आता दारं. सिलिकॉन निघाल्यावर काचेच्या बाहेरून तांब्याने पाणी सोड. दाराच्या बुडातून ते धो धो पडू दे, छान आहे. पण त्याच वेळी दार उघडून उंबऱ्याच्या आतल्या बाजूवर बोट फिरव. तिथे ओलं लागलं तर आतल्या पॅनेलमागचा फोमचा पडदा सुटलाय. तो पडदा दाराचं ओलं पोट आणि कोरडी केबिन यांच्यामध्ये असतो, आणि चिकटवलेला असतो काळ्या डिंकासारख्या ब्युटाइलने. वीस वर्षं बडोद्याचे मे महिने सोसल्यावर तो डिंक कोरडा पडला तर नवल नाही. पॅनेल काढ, जुना डिंक रॉकेलच्या फडक्याने पूर्ण पुसून काढ, पत्रा कोरडा कर आणि नवीन ब्युटाइल टेप लाव. टेप सलग असली पाहिजे, तुकड्यांचे सांधे बुडाशी येऊ देऊ नकोस. पडद्याची खालची कड पत्र्याच्या आतल्या बाजूला जाईल असं बघ, म्हणजे ओघळ दारातच पडेल. लोक नेमकं हेच उलटं करतात. हे सगळं सावकाशीने केलंस तर एका दाराला एक दुपार जाते, घाईत केलंस तर दोन दुपारी.

बाबांच्या पायाशी पाणी कसं आलं, याची दोन उत्तरं असू शकतात. एक, सीटखाली साचलेलं पाणी ब्रेक मारला की पुढे धावतं. अकोटा पुलाच्या उतारावर एक सिग्नल पुरे. ओली जागा आणि गळतीची जागा एकच असते हे डोक्यातून काढून टाक. दोन, बॅटरीच्या बाजूचा वायपरखालचा खळगा पानांनी भरलाय, तिथे पाण्याची पातळी वाढते आणि हवा आत घ्यायच्या वाटेने ते केबिनमध्ये उतरतं. प्लास्टिकची झाकणं उचलून पानं काढ, कोपऱ्यांतली छिद्रं त्याच नायलॉनच्या दोरीने मोकळी कर. केबिन फिल्टर भिजून काळा पडला असेल तर फेकून दे, निम्मा वास त्याचाच असतो.

हे सगळं झालं, पेटी परत लागली, बॅटरी जोडली, की खरी परीक्षा. काचांना त्यांची वरची सीमा परत शिकवावी लागते: बटण दाबून काच पूर्ण वर ने आणि क्षणभर दाबून धर. या दारांना चौकट नाही, काच सरळ छताच्या रबरात जाऊन बसते. ती दोन-तीन मिलिमीटर खाली राहिली तरी कोपऱ्यातून ओघळ येतो. वहीच्या कागदाची पट्टी रबर आणि काच यांच्यात धरून दार लाव आणि ओढ. सगळीकडे सारखीच अडकली पाहिजे, जिथे सुळकन निघेल तिथे खूण कर.

मग बागेचा पाइप. पुढचं तोंड काढून टाक, नुसती वाहती धार हवी. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसव, जमिनीवर आणि सीटमागे वर्तमानपत्र पसर; कागदावर पहिला डाग कुठे पडतो ते लगेच दिसतं. धार नेहमी खालून वर न्यायची. आधी दाराचा खालचा भाग, पाच-सात मिनिटं. मग काचेची कड, मग पुढच्या काचेचा कोपरा, मग छताचा सांधा, शेवटी मागची पन्हळ. वरून सुरुवात केलीस तर पाणी सगळीकडून खाली वाहणार आणि कोणी दगा दिला ते कळणार नाही. एका वेळी एकच जागा. कंटाळा येतो, आतला माणूस कुरकुर करतो, तरी एकच. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर वॉशरने ही परीक्षा घेऊ नकोस. ती धार चांगल्या रबरालाही बाजूला सारून आत जाते, आणि तू नसलेल्या गळत्या दुरुस्त करत बसशील.

रबरांना सिलिकॉन ग्रीस किंवा ग्लिसरीन बोटाने चोळ. व्हॅसलीन आणि ऑइल नको, पेट्रोलियमने हे रबर फुगतं आणि मऊ पडतं.

वाळवणं हे यातलं सगळ्यात कष्टाचं काम, आणि लोक इथेच अंग चोरतात. श्रावणात पंखा लावून फोम वाळत नाही, हवेलाच ओल असते. ओलं ओढणारा व्हॅक्यूम भाड्याने आणून दोन्ही बाजूंनी ओढ. मग कार्पेट गाडीतून सुटत असेल तर एसीच्या खोलीत उभं करून ठेव. घरातून विरोध होईल, सहन कर. सुटत नसेल तर खाली लाकडाचे ठोकळे सरकवून उचल आणि डीह्युमिडिफायर लाव, काचा बंद ठेवून. वाळलं असं वाटलं की पॉलिथिनचा तुकडा कार्पेटवर चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद करून रात्रभर राहू दे. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला दव दिसलं तर आणखी दोन दिवस. तोपर्यंत सीट बसवू नकोस. गाडीत परफ्यूमची डबी तर लटकवूच नकोस, कुबट मोगरा हा वास मी घेतलाय.

बाबांच्या संशयाबद्दल. तो उगाच नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची खूण ओलांडून ३५ फुटांच्याही वर मजल मारली, रस्त्यांत मगरी फिरल्या, आणि पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचं पुढे काय झालं हे कुणी विचारत बसलं नाही. पण हे तपासता येतं. दोन्ही सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून काढ. जो भाग वर्षानुवर्षं गुंडाळलेला असतो तिथे मातीची रेघ असेल तर गाडी बुडालीय. बेल्ट धुणारे शेवटच्या वितीपर्यंत धूत नाहीत. आता सीट बाहेरच आहेत तर रुळांचे बोल्ट आणि डॅशबोर्डच्या आतले स्क्रू बघ. पावसाच्या गळतीने खालचे गंजतात, डॅशबोर्डच्या आत उंचावरचे नाही. दिव्यांच्या आत आडवी गढूळ रेघ आहे का? फ्यूजच्या पेटीमागे बारीक गाळ? पुराचं पाणी गाळ ठेवून जातं, पावसाचं पाणी पानांचा चहासारखा डाग. जुन्या मालकाकडे २०२४ ची पॉलिसी आणि क्लेम झाला असल्यास त्याचे कागद माग. मला विचारशील तर ही गाडी पुरातली वाटत नाही. पुरात बुडालेली गाडी हिवाळा-उन्हाळा मजेत काढून पहिल्या पावसाची वाट बघत नाही. तिची वायरिंग डिसेंबरातच रडायला लागते.

आणि जर्मन गाडीचं म्हणशील तर चासी नंबरातलं अकरावं अक्षर बघ. ‘एस’ असेल तर गाडी श्टुटगार्टची, ‘यू’ असेल तर फिनलंडमधल्या उसिकौपुंकीच्या कारखान्यातली. बऱ्याच बॉक्स्टर तिथे बांधल्या गेल्या. दोन्हीकडे पाऊस पडतो, बर्फही पडतं. गुलमोहर मात्र नाही.

झाड तोडायचा अर्ज सोसायटीत देऊ नकोस, उगाच वैर होईल. जागा बदलून मिळते का विचार. नसेल तर हवा खेळणारं कापडी कव्हर घे, प्लास्टिकचं घेतलंस तर आतली ओल आतच राहील. कव्हर असो-नसो, पन्हळीच्या दोन्ही बाजू आणि वायपरखालचा खळगा वर्षातून दोनदा साफ करायचा: एकदा मृग लागायच्या आधी, एकदा श्रावणात. अर्ध्या तासाचं काम आहे. या दुरुस्तीसाठी विम्याचा क्लेम टाकू नकोस; तुंबलेली नळी ही देखभालीची बाब धरतात, नकार तेवढा पदरात पडेल.

विकायचं म्हणशील, तर आत्ता ओल्या कार्पेटची आणि चाळे करणाऱ्या लॉकची बॉक्स्टर घेणारा फक्त दलाल भेटेल आणि तो भंगाराचा भाव सांगेल. काम पुरं कर, परतीच्या पावसाचे दोन-तीन दणके बसू दे, पॉलिथिनचा तुकडा कोरडा राहतो का बघ. राहिला आणि तरीही बाबांचं मत बदललं नाही, तर पेटीचे, नळ्यांचे, दाराच्या टेपचे फोटो गिऱ्हाइकासमोर ठेवून योग्य किमतीला विक. लॉक मात्र पेटी वाळवल्यावरही चाळे करत राहिलं, तर पुढचं पत्र लिहायला थांबू नकोस. दोन्ही किल्ल्या चालू आहेत तोवर पोर्शचं निदान यंत्र असलेल्या माणसाकडे गाडी ने. त्या बंद पडल्या की गाडी टोइंगने न्यावी लागेल आणि बिल वेगळ्याच आकड्यापासून सुरू होईल.